डोळे मिटल्यावर येणारी देवी

यंत्राच्या छोट्या पडद्यावर १०.२ हा आकडा उमटला आणि गाळ्यातल्या सगळ्या बायकांनी एकदम हात जोडले.

"मागल्या वेळी किती होतं, माऊली?" कुशाबानं विचारलं.

"सहा नि वर काहीतरी," खुर्चीवरची बाई म्हणाली.

"सहा पूर्णांक आठ! आणि आज दहा पूर्णांक दोन!" कुशाबानं यंत्र आरतीच्या ताटासारखं सगळ्यांसमोर फिरवलं. "बाटली चढवली?"

"नाही!" गर्दी ओरडली.

"सुई टोचली?"

"नाही!"

"मग रक्त आलं कुठून?"

"आईनं दिलं!"

सुई टोचली होती. आकडा काढायला कुशाबानं आत्ताच त्या बाईच्या बोटाला टोचली होती आणि तिथला कापूस अजून लाल होता. पण आनंदात असलेल्या गर्दीला कापूस दिसत नाही.

घोडपदेवच्या चाळींमागे एक छापखाना होता. तो बंद पडला आणि त्याच्या गाळ्यात कुशाबानं आपला मठ थाटला. दर पौर्णिमेला तिथे नायगावच्या बीडीडी चाळींतून, वडाळ्याहून, शिवडीहून बायका यायच्या. सगळ्यांची तक्रार एकच: रक्त कमी, दम लागतो, जिना चढवत नाही. कुशाबा प्रत्येकीला आईचा भंडारा म्हणून पिवळ्या पावडरीच्या पुड्या द्यायचा आणि महिन्याभरानं यंत्रावर आकडा दाखवायचा. गळ्यात रुद्राक्ष, खिशात हिमोग्लोबिनचं यंत्र. "डॉक्टर लोकांचं सायन्स जिथं लंचला जातं ना," तो म्हणायचा, "तिथं आमची आई ड्युटीवर येते!" यावर हमखास हशा यायचा. आजही आला.

मी मात्र हसले नाही, कारण खुर्चीवरची बाई माझी आत्या होती. शेवंता आत्या, शिवडी कोळीवाड्यातली, लालबागच्या बाजारात मासळी विकणारी. मी पूर्वी. फिजिक्समध्ये बीएस्सी केलं आहे आणि एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांची प्रात्यक्षिकं घेते. आकडा दिसला की तो कसा आला हे विचारायची मला सवय आहे. तो आकडा मात्र माझ्या डोळ्यांसमोर आला होता.

"आता खूण बघू," कुशाबा हळू आवाजात म्हणाला.

आत्या उठली. कुशाबानं तिला पाय जुळवून उभं केलं, हात जोडायला लावले. "डोळे मीट, माऊली. आईला आत येऊ दे."

आत्यानं डोळे मिटले. क्षणभर काही झालं नाही. मग ती डोलायला लागली. आधी थोडीशी, मग पुढेमागे, नांगराला बांधलेल्या होडीसारखी. दोघींनी तिला धरलं नसतं तर ती पडली असती.

"आली! आली!" बायका ओरडल्या. मला माहीत आहे, आत्याला नाटक करता येत नाही. मासळीचा भाव वाढवून सांगतानाही तिला हसू येतं.

कुशाबानं चिमट्यात पेटता कापूर धरला आणि तिच्या पायाच्या अंगठ्याजवळ नेला. फार जवळ. मी पुढे झाले, पण आत्यानं पाय हलवलासुद्धा नव्हता.

"चटका लागतोय?"

"नाय," आत्या म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता.

"येत्या अष्टमीला," कुशाबा सगळ्यांकडे वळून म्हणाला, "ही माऊली निखाऱ्यांवरून चालणार. त्या दिवसापासून ही आईसाहेब. माझ्या शेजारी आसनावर बसणार."

बायका आत्याच्या पाया पडायला लागल्या. गर्दीत कुशाबाचा मदतनीस जगनकाका नारळ गोळा करत फिरत होता. त्याच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी दारात सुटून पडली होती आणि त्याला पत्ता नव्हता. तेव्हा मला ते नुसतं विनोदी वाटलं.

*

पहिला संशय यंत्राचा. दुसऱ्याच दिवशी मी आत्याला परळच्या एका लॅबमध्ये घेऊन गेले. पूर्ण रक्ततपासणी केली. हिमोग्लोबिन दहा पूर्णांक एक. म्हणजे कुशाबाचं यंत्र खरं बोलत होतं. आत्याच्या ओठांवर रंग आला होता, हे तर दिसतच होतं.

मला नीट झोप लागेना. कुशाबा लबाड आहे अशी माझी खात्री होती, पण खात्री म्हणजे पुरावा नव्हे. आणि अष्टमी जवळ येत होती.

आत्याचा मुलगा निमेश तर हवेतच होता. तो एका कुरियर कंपनीत सुपरवायझर आहे. चार वर्षांपूर्वी त्याला नोकरी लागावी म्हणूनच आत्या पहिल्यांदा कुशाबाकडे गेली होती.

"तुझं काय जातंय, पूर्वी?" तो मला म्हणाला. "रिपोर्ट तूच काढलास ना? नॉर्मलकडे चाललाय ना? मग?"

"निखाऱ्यावर चालणार आहे ती, निमेश."

"तिला चटका लागतच नाय! तू बघितलंस ना?"

"तेच तर मला खटकतंय."

"तुला सगळंच खटकतं. सायन्सवाल्यांचा प्रॉब्लेम आहे तो."

मी बाजारात गेले. सकाळची वेळ, आत्याच्या फळीवर सुरमई, बोंबील, बर्फात ठेवलेल्या तिसऱ्या शिंपल्या. आत्या पापलेट कापत होती. गिऱ्हाईक म्हणालं, "ओ मावशी, रक्त!" आत्या म्हणाली, "मासळीला रक्त असतंच, दादा." मी बघितलं. रक्त पापलेटाचं नव्हतं. आत्याचं बोट कापलं होतं, चांगलं खोल, आणि ती कोयती चालवतच होती.

मी तिचा हात धरला. "आत्या, दुखत नाहीये?"

"आईनं दुखणं काढून घेतलंय गो." ती हसली. "हातापायाला नुसत्या मुंग्या. रात्रंदिवस. बर्फात हात घातला तरी गार नाय लागत मना."

"आणि तोल?"

"तोंडाला साबण लावून डोळे मिटलं का मोरीत पडतंय. परवा कपाळ फुटता फुटता रायलं." हे सांगतानाही तिच्या आवाजात अभिमान होता. "बाबा बोलले, आई घाईला आलीय."

"आत्या, सोड ना हे सगळं. नको चालूस."

तिनं कोयती खाली ठेवली. पहिल्यांदाच तिचा आवाज कडक झाला. "बसमध्ये चढलं का बाया नाकाला पदर लावतात. माशाची टोपली बघून शिटवरून उठतात. चाळीस वर्षं बघतंय. तिथं त्याच बाया माझ्या पाया पडतात. ते सोडू? तू सांग, तू सोडशील?"

कापलेल्या बोटाला मी माझा रुमाल बांधला.

*

त्या दिवशी दुपारी मी धम्मपालला फोन केला. आम्ही अकरावी-बारावीला एकत्र होतो. तो नायगावच्या बीडीडी चाळीतला. आता डॉक्टर होऊन एका मोठ्या रुग्णालयात मेडिसिनमध्ये पुढचं शिकतोय.

"काय गं प्रॅक्टिकल मॅडम, इतक्या महिन्यांनी?" तो म्हणाला. मागे कुणीतरी खोकत होतं.

मी सगळं सांगितलं. त्यानं विचारलेला पहिला प्रश्न मला अपेक्षित नव्हता.

"आत्या खाते काय?"

"कोळीण आहे रे. मासळीच खाणार."

"कोळीण आहे हे नाही विचारलं. खाते काय?"

मी आठवायला लागले. आणि फोन हातात धरून फुटपाथवर थांबले. आत्या मासळी खातच नव्हती. कुशाबाची पहिली अट तीच होती: वशाट बंद. मासे विकायचे, पण तोंडात घालायचे नाहीत. अंडं नाही, मटण नाही. पुढे त्यानं दूधही बंद केलं. "दूध म्हणजे जनावराचं पांढरं रक्त," असं त्याचं शास्त्र. तेव्हापासून आत्या काळा चहा पिते आणि डाळभात खाते.

"किती वर्षं?"

"चार."

धम्मपालनं शीळ घातली. "तो लॅबचा रिपोर्ट आहे ना? नुसतं हिमोग्लोबिन नको सांगूस. लाल पेशींचा आकार सांग. एमसीव्ही."

"एकशे तीन."

"थोडा जास्त. कमी होत आला असणार, आधी बराच जास्त असेल. बघ, लोह कमी पडलं तर पेशी लहान होतात. बी-बारा किंवा फॉलिक ॲसिड कमी पडलं तर मोठ्या होतात. पेशी मोठ्या, हातापायांना मुंग्या, डोळे मिटले की तोल जातो, चार वर्षं मासे-दूध काही नाही. पूर्वी, मला बी-बाराचा संशय आहे. बारा प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नातच असतं: मासे, अंडी, मटण, दूध. डाळभातात नसतं. शरीरातला साठा काही वर्षं पुरतो, मग संपतो."

"पण मग रक्त वाढलं कसं? मासे तर तिनं अजून सुरू केले नाहीत."

"त्या पुडीत काय आहे?"

"भंडारा म्हणतो तो. हळद."

"हळदीनं महिन्यात तीन पॉइंट वाढत नाहीत. तू शोध. आणि तिला बी-बाराच्या तपासणीला घेऊन ये. लवकर. रक्त नंतरही भरून निघतं. नसांचं तसं नाही. फार उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही."

घरी येऊन मी आत्याकडची एक पुडी उघडली. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते, हे प्रत्येक घराला माहीत असतं, कुंकू तसंच करतात. मी चिमूटभर पावडरीत चुना घातला. पिवळीच राहिली. शेजारी स्वयंपाकघरातली हळद घेतली, तिच्यात चुना घातला. लालभडक. एवढ्यानं फक्त एवढंच सिद्ध होत होतं की ही हळद नाही. काय आहे ते कळत नव्हतं. पण तळाशी एक कडक तुकडा सापडला. पिवळा, अर्धगोल, त्यावर मधोमध एक सरळ रेघ. देवीच्या भंडाऱ्याला मधून मोडायची रेघ नसते. गोळीला असते.

आत्या तपासणीला तयार होईना. "बाबा रक्त वाढवतात नि तू काढतंस!" पण मी हटले नाही. मी रोज बाजारात जाऊन बसायचे. शेवटी वैतागून ती म्हणाली, "आण तुझ्या डॉक्टरला. अष्टमीला, आईसमोर. माझ्या अंगात आई नाय हे त्यानं सगळ्यांदेखत दाखवू दे. दाखवलं, तर देते रक्त. नाय दाखवलं, तर परत माझ्या फळीवर यायचं नाय."

*

अष्टमीच्या सकाळी गाळ्यामागच्या अंगणात लोखंडी पत्र्यावर निखारे पसरले होते. ढोल वाजत होता. आत्या हिरवं लुगडं नेसून, कपाळभर मळवट भरून उभी होती. निमेश तिचा हात धरून. गर्दी भिंतींपर्यंत पोचली होती.

धम्मपाल रात्रपाळी करून तसाच आला होता, डोळे लाल, खांद्याला पिशवी. तो कुशाबासमोर गेला आणि त्यानं साधा नमस्कार केला.

"बाबा, मी डॉक्टर आहे. चालायच्या आधी एक शंका विचारू?"

ढोल थांबला. कुशाबानं गर्दीकडे बघितलं. नाही म्हणणं त्याला परवडणार नव्हतं. "विचारा की! आईच्या दारात डॉक्टरला पण केसपेपर लागत नाही!"

लोक हसले. धम्मपालही हसला. "आई डोळे मिटल्यावरच का येते? उघड्या डोळ्यांनी का नाही?"

"अहो डॉक्टर, डोळे म्हणजे दरवाजा. दरवाजा उघडा असला की आई बाहेर जगाकडं बघते. मिटला की आत शिरते. एवढं पण कॉलेजात नाय शिकवलं?"

"नाही शिकवलं," धम्मपाल म्हणाला. "आणि कुणाच्याही अंगात शिरते?"

"कुणाच्याही कशी? वशाट सोडलेलं, व्रत पाळलेलं, शुद्ध शरीर लागतं."

"जगनकाकांचं शरीर शुद्ध आहे?"

मागून शैलाकाकूंचा आवाज आला. त्या नायगावच्या, दर वेळी पहिल्या रांगेत असायच्या. "ह्याचं? कालची कोंबडी अजून मिशीला चिकटलीय मेल्याच्या!"

अंगणात हशा पिकला. जगनकाका ओशाळून पुढे आला. आजही त्याची एक चप्पल गायब होती. ही गोष्ट मी धम्मपालला आधीच सांगून ठेवली होती; पाय बधिर असणार, बहुधा साखरेनं, असं तो म्हणाला होता.

"काका, साखर आहे ना तुम्हाला?"

"पंधरा वर्षं. गोळ्या चालू आहेत की."

"जरा पाय जुळवा. हात जोडा. घाबरू नका, मी धरायला आहे. आता डोळे मिटा."

जगनकाकानं डोळे मिटले आणि तो डोलायला लागला. पुढे, मागे, डावीकडे, आणि मग तो सरळ ढोलवाल्याच्या अंगावर गेला. ढोल गडगडला.

"आली गं बाई!" शैलाकाकू ओरडल्या. "कोंबडीवाली देवी आली!"

आता लोक पोट धरून हसत होते. कुशाबा हसत नव्हता. "हे दारूचं डोलणं आहे," तो म्हणाला.

"सकाळी नाय घेत मी!" जगनकाका दुखावला गेला.

धम्मपालनं पिशवीतून नादकाटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, काढला. आम्ही कॉलेजात वापरतो त्याहून जाड, संथ कंपनांचा. त्यानं तो तळहातावर आपटला आणि निमेशकडे वळला. "मित्रा, तुझ्या घोट्यावर ठेवतो. काय वाटतं ते सांग."

निमेशनं अनिच्छेनं पाय पुढे केला. "झिणझिणतंय. मोबाइल व्हायब्रेटवर असल्यासारखं."

शैलाकाकूंनी स्वतःहून पाय पुढे केला. "माझ्यावर ठेव रे! अगंबाई, गुदगुल्या होतात!" आणखी दोघींना दाखवून झालं. सगळ्यांना झिणझिण कळली. मग धम्मपालनं तो काटा आत्याच्या कपाळाला लावला.

"हां, थरथरतंय," आत्या म्हणाली.

तोच काटा त्यानं तिच्या घोट्यावर ठेवला.

आत्या वाट बघत राहिली. "ठेव ना."

"ठेवलाय, मावशी."

आत्यानं खाली बघितलं. काटा तिच्या हाडाला टेकलेला होता आणि त्याची टोकं अजून थरथरत होती. निमेशनं वाकून त्याला बोट लावून बघितलं. मग त्यानं आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. मी त्याचं ते बघणं विसरणार नाही.

"आपण उभे राहतो," धम्मपाल आता मोठ्यानं बोलत होता, "ते पायांकडून खबर येते म्हणून. जमीन कुठं आहे, पाय कुठं आहे, ही खबर नसा वर पाठवतात. नसा खराब झाल्या की खबर बंद. मग माणूस डोळ्यांनी सांभाळून घेतो. डोळे मिटले की तोही आधार जातो, आणि तो डोलतो. काकांच्या नसा साखरेनं खराब झाल्या असतील. मावशींच्या, मला वाटतं, चार वर्षं मासे-दूध बंद केल्यानं. निखारे पाय जाळणार नाहीत असं नाही. जाळतील. मावशींना ते फक्त कळणार नाही."

बायका आत्याच्या पायांकडे बघायला लागल्या.

"रक्त वाढलंय तिचं!" कुशाबा ओरडला. "आकडा बघितलाय सगळ्यांनी! माझ्या भंडाऱ्यानं वाढलंय!"

मी पुढे झाले. "जगनकाका, तुमची चुन्याची डबी द्या." मी पूजेच्या ताटातली हळद घेतली, तिला चुना लावला. ती लाल झाली. कुशाबाची पुडी फोडली, तिला चुना लावला. पिवळी ती पिवळीच. "ही हळद नाही. ह्यात मला गोळीचा तुकडा सापडला. बाबा, कसली गोळी?"

कुशाबा बोलायच्या आत जगनकाकाच बोलला, अगदी निरागसपणे. "गोळ्या तर मीच दळतो ना मिक्सरमध्ये! आईला चढवलेल्या गोळ्या. डबाभर आहेत आत, पिवळ्या. रक्तवाढीच्या. काय झालं त्यात?"

डबा बाहेर आला. धम्मपालनं वरचं नाव वाचलं आणि तो डबा उंच धरला. "फॉलिक ॲसिड. कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं."

कुशाबाचा चेहरा क्षणभर पडला, पण हरला नाही तो. "मग? गोळी असो नाहीतर भंडारा, बायकांना रक्त मिळालं ना? तुमच्या दवाखान्यात ह्याच गोळ्या देता. मी दिल्या तर पाप?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न बिनबुडाचा नव्हता. गर्दीतल्या काही बायकांना फॉलिकच कमी होतं, त्यांना त्या गोळ्यांनी खरंच बरं वाटलं असणार. शैलाकाकू चुळबुळल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"पाप नाही," धम्मपाल म्हणाला. "पण निदान न करता दिल्यात. रक्त बनवायला फॉलिक आणि बारा दोन्ही लागतात. बारा संपलं असताना फॉलिकचा मोठा डोस दिला, तर रक्ताचं काम तो काही काळ एकटाच ओढतो. आकडा चढतो, रंग येतो, सगळे खूश. पण नसांवरचं आवरण, वायरवरच्या प्लॅस्टिकसारखं, ते राखणं बाराचं काम. ते फॉलिकला जमत नाही. म्हणून इकडे आकडा वर जातो आणि तिकडे पाय मरत जातात. कोणाला शंकाही येत नाही. आकडा चांगलाय ना!"

मला एकदम सगळं एका रांगेत दिसलं. दुखणं त्यानंच दिलं, मासे बंद करून. अर्धं दुखणं त्यानंच झाकलं, गोळ्या दळून. आणि जे अर्धं झाकलं गेलं नाही, त्यालाच त्यानं देवी म्हटलं.

निमेशनं कोपऱ्यातली पाण्याची बादली उचलली आणि निखाऱ्यांवर ओतली. वाफेचा लोट उठला. बायका मागे सरकल्या. वाफ ओसरली तेव्हा आत्या तिथेच उभी होती, मळवट घामानं ओघळत होता.

"म्हणजे आई आलीच नव्हती?" तिनं धम्मपालला विचारलं. आवाज इतका लहान की मागच्यांना ऐकू गेला नसेल.

धम्मपालनं काटा पिशवीत ठेवला. "आईला मानायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मावशी. डोलणं मात्र दुखण्याचं आहे. आणि ह्या दुखण्याला औषध आहे."

आत्यानं मळवट पदरानं पुसला. मग हात पुढे केला. "काढ रक्त."

*

बी-बारा अगदी तळाला गेलेलं निघालं. धम्मपालच्या वरिष्ठ डॉक्टरांनी रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली मला दाखवली: काही लाल पेशी अजून फुगलेल्या, अंड्यासारख्या, आणि एका पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाला सहा पाकळ्या. निरोगी पेशीत सहसा तीन-चार असतात. बारा कमी असण्याचं कारण पोटात तर नाही ना, हेही त्यांनी तपासलं. काहींच्या जठरातून ते शोषलंच जात नाही, त्यांनी कितीही मासे खाल्ले तरी उपयोग नसतो. आत्याचं तसं नव्हतं. सुरुवातीला एक दिवसाआड इंजेक्शन, मग हळूहळू अंतर वाढवत. जगनकाकालाही तपासणीला बोलावलं, कारण साखरेच्या काही गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तरी बारा कमी होतं. त्याचंही कमीच निघालं. "म्हणजे मी पण देवीच होतो अर्धा," तो म्हणाला.

कुशाबाविरुद्ध निमेशनं जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. गाळ्याला आता कुलूप आहे. काही बायका अजूनही म्हणतात की बाबांच्या हाताला गुण होता. मी त्यांच्याशी भांडत नाही. तपासणीला घेऊन जाते.

थकवा पंधरवड्यातच उतरला. पाय मात्र सावकाश. महिने गेले आणि काही झालं नाही, तेव्हा मीच अस्वस्थ होत राहिले. धम्मपालला वारंवार विचारत होते. तो म्हणायचा, "नसा घाई करत नाहीत, मॅडम."

परवा बाजारात गेले होते. आत्या बर्फाच्या पेटीत हात घालून तिसऱ्या काढत होती. अचानक तिनं हात झटकला आणि ओरडली. बाजूच्या दोघी धावल्या. मला वाटलं, परत बोट कापलं.

"गार!" आत्या म्हणाली. तिनं परत हात घातला, परत काढला. "अगं, गार लागतंय गो! चांगलं गार!" आणि ती रडायला लागली. डावा पाय अजून बधिरच आहे. कदाचित तसाच राहील. डॉक्टरांनी हे तिच्यापासून लपवलं नाही.

आता ती मासळीचा भाव सांगता सांगता गिऱ्हाइकांना आणखी काही विचारते. मुंग्या येतात का? जीभ लाल होऊन चुरचुरते का? दम लागतो का? उत्तर हो आलं तर मासळी बांधून देता देता म्हणते, "आधी रक्त तपासून घे. नुसता एक आकडा बघू नको, सगळं तपास. अंगात काय आलं ते विचारू नको. अंगातून काय गेलं ते विचार."

मी यात फक्त एवढंच जोडेन. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी त्याला विचारा: कसं झालं? खरी गोष्ट असेल तर ती या प्रश्नानं मोडत नाही. आणि जिला चटका लागत नाही तिच्या पाया पडू नका. तिला डॉक्टरकडे न्या.